ग्रामपंचायतीच्या साहित्य खरेदीत घोळ वाटला, तर तक्रार कशी बांधावी

पथदिवे सहा महिन्यांत विझले, शाळेतले आरओ यंत्र बंद पडले किंवा खुल्या व्यायामशाळेची साधने एका पावसाळ्यात गंजून गेली, की पानठेल्यावर पैसे खाल्ल्याची चर्चा सुरू होते आणि बहुतेक गावांत ती तिथेच संपते. काही जण पुढे जाऊन जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देतात, पण त्या निवेदनात ‘लाखोंचा भ्रष्टाचार’, ‘संगनमत’, ‘सखोल चौकशी’ असे शब्द भरपूर असतात आणि प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक, तारीख, नगसंख्या यांपैकी काहीही नसते. असे निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयातून जिल्हा परिषदेकडे, तिथून पंचायत समितीकडे आणि तिथून ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच ग्रामपंचायतीकडे अहवालासाठी जाते. ग्रामपंचायत ‘तक्रारीत तथ्य नाही’ असे लिहून पाठवते आणि फाइल बंद होते. हे टाळायचे असेल, तर आरोप शेवटी लिहावा आणि कागद आधी गोळा करावेत, एवढा क्रम पाळावा लागतो. तो कसा पाळायचा, हे विदर्भातील ग्रामपंचायत आणि पंचायत समितीच्या कारभाराला धरून पुढे सांगितले आहे.

आपला आरोप नेमका कोणता, हे ठरवा

खरेदीतील दोष तीन प्रकारचे असतात आणि ते एकमेकांत मिसळले की तक्रार दुबळी होते. पहिला प्रकार अनियमिततेचा. कोटेशन मागवले नाही, साठा नोंदवहीत वेळेवर नोंद घेतली नाही, मासिक सभेचा ठराव उशिरा झाला, असे दोष त्यात येतात. दुसरा प्रकार नुकसानीचा. वस्तू आली, बसली, पण बाजारभावापेक्षा बरीच महाग पडली किंवा ठरलेल्या दर्जापेक्षा हलकी निघाली. तिसरा प्रकार अपहाराचा, म्हणजे वस्तू आलीच नाही किंवा कमी आली आणि देयक मात्र पूर्ण निघाले. पहिल्या प्रकारात सहसा खातेनिहाय कारवाई होते, दुसऱ्यात वसुली निघू शकते आणि तिसऱ्यात फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो.

इथे ग्रामसेवकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२४ पासून या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात अजून ग्रामसेवक हाच शब्द चालतो. एकेका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा कारभार असणे आपल्याकडे नवे नाही आणि मार्च महिन्यात निधी परत जाईल या धास्तीने अर्धवट कागदांवर खरेदी उरकली जाते. नोंद उशिरा झाली म्हणजे चोरीच झाली, असे नव्हे. तुमच्या हाती फक्त उशिराची नोंद असेल, तर तक्रारीत तेवढेच लिहा. त्याला अपहार म्हटले, तर चौकशी अधिकाऱ्याला ते एक विधान खोडून संपूर्ण तक्रार निकाली काढता येते.

पैसा कोणत्या खात्यातून गेला

वस्तू तीच असली, तरी निधी बदलला की मंजुरी देणारा अधिकारी, नियम आणि तक्रारीचे ठिकाण हे सगळे बदलते. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी २०२०-२१ ते २०२५-२६ या काळासाठी होता आणि महाराष्ट्रात त्याची वाटणी ग्रामपंचायत ८० टक्के, पंचायत समिती १० टक्के आणि जिल्हा परिषद १० टक्के अशी ठरली होती. २०२१-२२ पासून त्यातील ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे ती पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची होती. त्यामुळे बंधित निधीतून पथदिवे घेतले असतील, तर दर योग्य असला तरी प्रश्न उभा राहतो. या निधीचा मंजूर आराखडा आणि झालेली अदायगी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर वर्षनिहाय, ग्रामपंचायतनिहाय दिसते आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. कोणताही अर्ज करण्यापूर्वी तिथे जाऊन आपल्या गावाचे नाव टाका, रक्कम आणि तारीख उतरवून घ्या आणि त्या पानाची छापील प्रत काढून ठेवा.

ग्रामपंचायतीचा स्वतःचा ग्रामनिधी, जिल्हा परिषदेचा सेसफंड (उपकरातून जमणारा तिचा स्वतःचा निधी), जिल्हा नियोजन समितीकडून आलेली रक्कम आणि आमदार-खासदार निधी यांची वाट वेगवेगळी आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या बऱ्याच भागात आणि मेळघाटातील धारणी-चिखलदरा तालुक्यांत पेसा क्षेत्र, म्हणजे आदिवासी भागातील ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा कायदा लागू असलेले क्षेत्र, असल्यामुळे तिथे ग्रामसभेच्या हातात एक जास्तीचे हत्यार आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार पंचायतीने विकासकामांवर केलेल्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, ग्रामसभेकडून घ्यावे लागते. ते प्रमाणपत्र कोणत्या तारखेच्या ग्रामसभेने दिले आणि त्या दिवशीच्या उपस्थिती नोंदवहीत किती सह्या आहेत, या एका प्रश्नाने अनेक गोष्टी उघड होतात.

शेतकऱ्यांना किंवा महिलांना वैयक्तिक लाभ म्हणून दिल्या जाणाऱ्या वस्तूंचे, म्हणजे शिलाई यंत्र, फवारणी पंप, सायकल, ऑइल इंजिन यांचे गणित निराळे आहे. आदिवासी विकास विभागाच्या २००४ ते २००९ या काळातील अशा योजनांची चौकशी करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त न्यायाधीश एम. जी. गायकवाड यांची समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २०१७ साली सादर झाला. ऑइल इंजिन आणि पीव्हीसी पाइप यांसारख्या वस्तू लाभार्थ्यांपर्यंत पोहोचल्या का, हाच त्या चौकशीतला एक मोठा प्रश्न होता. दरम्यान २०१६ अखेरपासून राज्याने वस्तू वाटण्याऐवजी लाभार्थ्याच्या खात्यात रक्कम जमा करण्याचे धोरण आणले. तेव्हा आजही एखाद्या योजनेत वस्तूच वाटली जात असेल, तर तिला कोणत्या शासन निर्णयाने सूट मिळाली, हे विचारायला हरकत नाही.

माहितीचा अर्ज

माहिती अधिकार अधिनियम, २००५ खालील अर्ज महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात करायचा असतो. त्यावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे असते, एका अर्जात एकच विषय घ्यायचा असतो आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र पुराव्याची प्रत जोडावी लागते. अर्जात ‘का’ आणि ‘कसे’ असे प्रश्न विचारू नयेत, कारण जन माहिती अधिकाऱ्याने उपलब्ध कागद द्यायचा असतो, खुलासा करायचा नसतो. ‘पथदिव्यांत भ्रष्टाचार कोणी केला, याची माहिती द्यावी’ असा अर्ज मी स्वतः पाहिला आहे. त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर कायद्याने बरोबरच होते. अर्जाचा मजकूर पुढीलप्रमाणे असावा.

‘ग्रामपंचायत कार्यालयाने दिनांक १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षात खरेदी केलेल्या एलईडी पथदिव्यांबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. मासिक सभेचा व ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी व प्रशासकीय मान्यतेचा आदेश, कोटेशन मागणीपत्र अथवा निविदा सूचना, प्राप्त सर्व दरपत्रके व तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, पुरवठादाराचे देयक व डिलिव्हरी चलन, नमुना १२ मधील प्रमाणक, नमुना ५ रोकड वहीतील संबंधित पाने, नमुना १६ साठा नोंदवहीतील संबंधित पाने, दिवे बसवल्याच्या ठिकाणांची यादी, मोजमाप पुस्तिकेतील नोंद, अदायगीचा तपशील व उपयोगिता प्रमाणपत्र. तसेच संबंधित मूळ नस्तीचे प्रत्यक्ष निरीक्षण करू द्यावे.’

शेवटचे वाक्य वगळू नका. झेरॉक्समध्ये न दिसणाऱ्या काही गोष्टी मूळ नस्तीत, म्हणजे कार्यालयाच्या फाइलीत, दिसतात. एकाच पेनाने, एकाच दिवशी ओळीने भरलेल्या तीन महिन्यांच्या नोंदी, मध्येच चिकटवलेले पान किंवा व्हाइटनर मारून बदललेली तारीख ही त्याची उदाहरणे. निरीक्षणाच्या वेळी सोबत गावातील हिशोब समजणारा एखादा माणूस न्यावा, निवृत्त शिक्षक किंवा सोसायटीचा सचिव असला तर उत्तम.

माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. प्रती एका पानाला २ रुपये दराने मिळतात, पण मुदतीत माहिती दिली नाही तर पुढे ती विनाशुल्क द्यावी लागते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर त्यानंतर ३० दिवसांच्या आत जोडपत्र ‘ब’ मध्ये २० रुपयांच्या तिकिटासह प्रथम अपील करावे. त्याचा निकाल ३० दिवसांत आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागायला हवा. त्यापुढे ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडे करता येते. माहिती विनाकारण रोखणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. खंडपीठाकडचे काम रेंगाळते, हे गृहीत धरूनच पुढची पावले आखावीत. तोवर तोच कागद दुसऱ्या कार्यालयातूनही मागता येतो. अंदाजपत्रकाची प्रत पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात असते, उपयोगिता प्रमाणपत्र पंचायत विभागात असते आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयात असतात. ग्रामपंचायतीने दिलेली प्रत आणि पंचायत समितीने दिलेली प्रत एकमेकींशी जुळत नसेल, तर ती विसंगती हाच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

लेखापरीक्षण अहवाल तर आवर्जून मागावाच. तुम्हाला जो संशय आहे, तो लेखापरीक्षकाने दोन वर्षांपूर्वीच ‘आक्षेप’ म्हणून नोंदवलेला असतो आणि ग्रामपंचायतीने त्याची पूर्तता केलेली नसते, असे पुष्कळदा आढळते. अशा वेळी तुमच्या तक्रारीला शासनाच्याच कागदाचा आधार मिळतो आणि वरच्या कार्यालयाला ‘अर्जदाराचा वैयक्तिक राग’ असा शेरा मारता येत नाही.

फाइल तारखांनी वाचा

कागद हातात आले की लगेच दर पाहू नका. एका कोऱ्या कागदावर डावीकडे तारीख आणि उजवीकडे कागदाचे नाव अशी यादी करा आणि ती तारखेच्या क्रमाने लावा. बरोबर झालेल्या खरेदीत गरज, ठराव, अंदाजपत्रक, मंजुरी, दर मागवणे, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, वस्तूची आवक, तपासणी, साठा नोंद आणि अदायगी असा क्रम दिसतो. या क्रमात एखादी तारीख उलटी लागली, तर तिथे बोट ठेवा.

एक काल्पनिक नस्त पाहू. दरपत्रके १६ मार्चला उघडली, पुरवठा आदेश १८ मार्चला निघाला, साठा नोंद २० मार्चची आहे आणि धनादेश २७ मार्चला गेला. वरवर पाहता सगळे नीट आहे. पण पुरवठादाराच्या देयकावरची तारीख १४ मार्च आहे. म्हणजे कोणाचा दर सर्वांत कमी आहे हे ठरण्याच्या दोन दिवस आधीच एका दुकानदाराने देयक फाडले होते. ही लिहिण्यातील चूक असू शकते, आणि ग्रामपंचायत तसे म्हणेलही. पण देयक पुस्तकातील त्याआधीच्या आणि नंतरच्या क्रमांकांच्या तारखा चौकशी अधिकारी पुरवठादाराकडून तपासू शकतो आणि तशी तपासणी करावी, अशी नेमकी मागणी तुम्हाला करता येते. नेमकी मागणी असली की अहवालात तिला उत्तर द्यावे लागते.

तीन दरपत्रकांचा फार्स ओळखणे त्याहून सोपे आहे. तीनही पत्रे समोर ठेवा आणि शुद्धलेखनाच्या चुका जुळतात का ते पाहा. ‘एलईडी’ हा शब्द तिन्ही ठिकाणी एकाच तऱ्हेने चुकीचा लिहिलेला असेल, अक्षराचा ठसा आणि समास एकसारखे असतील, आणि दोन दर तिसऱ्यापेक्षा बरोबर शंभर-शंभर रुपयांनी चढे असतील, तर तीन दुकानदार वेगळे नाहीत, असा संशय घ्यायला जागा आहे. मग जीएसटी क्रमांक पाहावा. हा क्रमांक १५ अंक-अक्षरांचा असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असून महाराष्ट्रासाठी ते २७ असतात आणि पुढची दहा अंक-अक्षरे म्हणजे धारकाचा पॅन क्रमांक. दोन वेगवेगळ्या नावांच्या दुकानांच्या क्रमांकांत मधली दहा अक्षरे सारखी निघाली, तर कायद्याच्या दृष्टीने मालक एकच आहे. जीएसटी पोर्टलवर हा क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि व्यवसायाचे ठिकाण दिसते. नोंदणी पुरवठ्याच्या पंधरा दिवस आधी झालेली असेल किंवा पथदिवे पुरवणाऱ्या फर्मचा व्यवसाय कृषी केंद्राचा असेल, तर ते टिपून ठेवा. त्यावर भाष्य करण्याची गरज नाही, वाचणाऱ्याला ते कळते.

तुकडे पाडून खरेदी करणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. राज्याच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजी खरेदीच्या कार्यपद्धतीची जी नियमपुस्तिका काढली, तिच्यात ई-निविदेसाठी ३ लाखांची मर्यादा होती आणि मर्यादा चुकवण्यासाठी मागणीचे तुकडे पाडायला मनाई होती. मर्यादेचे आकडे वेळोवेळी शासन निर्णयांनी बदलत आले आहेत, शिवाय वस्तूंची खरेदी आणि बांधकाम यांना एकच आकडा लागू नसतो. म्हणून तक्रारीत स्वतःच्या मनाने मर्यादा लिहू नका. ‘सदर खरेदी कोणत्या शासन निर्णयानुसार निविदेशिवाय केली, त्याची प्रत द्यावी’ असे विचारा. समजा, मर्यादा ३ लाखांची असताना एकाच महिन्यात एकाच फर्मकडून आधी ६० दिवे ४,७५० रुपयांप्रमाणे २,८५,००० रुपयांना आणि नंतर ६० दिवे ४,८०० रुपयांप्रमाणे २,८८,००० रुपयांना घेतले गेले. दोन्ही देयके मर्यादेच्या आत, दोन्ही ठराव निराळे, पण मागणी एकच. दोन्ही पुरवठा आदेशांच्या प्रती शेजारी-शेजारी जोडल्या की वेगळे काही सिद्ध करावे लागत नाही.

माल खरोखर आला का, याचा एक सहसा न तपासला जाणारा कागद आहे. महाराष्ट्रात राज्यांतर्गत १ लाख रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल हलवायला साधारणपणे ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचे ऑनलाइन काढलेले बिल, लागते आणि परराज्यातून येत असेल तर ही मर्यादा ५० हजार आहे. नागपूरहून गावात आलेल्या पावणेतीन लाखांच्या मालाचे ई-वे बिल आणि त्यावरील वाहन क्रमांक नस्तीत नसेल, तर तो मागावा. क्रमांक दुचाकीचा निघाल्याच्या गमती ऐकायला मिळतात, पण तुमच्या प्रकरणात तसे घडले आहे की नाही, हे परिवहन विभागाच्या नोंदीवरूनच ठरवावे.

जागेवरची पडताळणी

कागदावरून संशय येतो, जागेवरून आकडा मिळतो. दिवे बसवलेल्या ठिकाणांची यादी घेऊन गावातून फिरा, खांब क्रमांकाप्रमाणे नोंद करा आणि प्रत्येक खांबाचे तारीख-स्थळ दाखवणारे छायाचित्र घ्या. नुसती संख्या मोजून थांबू नका. दिव्याच्या पाठीमागच्या पट्टीवर कंपनीचे नाव, वॅट आणि भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा ‘आर’ ने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये तपासता येतो. देयकात ४५ वॅट आणि पट्टीवर २४ वॅट असेल, तर तो दर्जातला फरक नसून दुसरीच वस्तू पुरवली गेली आहे. खांबावर स्वतः चढू नये. महावितरणच्या खांबावर अनधिकृत माणसाने चढणे धोक्याचे आहेच, शिवाय उद्या ‘तक्रारदारानेच दिवे काढले’ असा उलटा आरोप करायला वाव मिळतो. दुर्बीण किंवा मोबाइलचा झूम पुरतो, नाहीतर ही तपासणी चौकशी अधिकाऱ्यासमोर व्हावी अशी मागणी करावी.

वरच्या उदाहरणातील १२० दिव्यांपैकी ९७ दिवे सापडले असे धरू. २३ कमी आहेत. ते कोणत्या आदेशातले, हे माहीत नसताना कमी दर धरावा, म्हणजे २३ गुणिले ४,७५० करून १,०९,२५० रुपये. ‘किमान एवढे नुकसान दिसते’ असे लिहिलेला आकडा चौकशीत टिकतो, ‘अंदाजे पाच-सहा लाखांचा घोटाळा’ टिकत नाही. बिघडलेले किंवा वादळात पडलेले दिवे ग्रामपंचायतीने काढून ठेवलेले असू शकतात, म्हणून गोदामातील शिल्लक साठाही मोजून घ्यावा.

बाजारभावाशी तुलना करताना तर विशेष जपावे लागते. जीईएम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर दिसणाऱ्या दिव्याच्या किमतीत क्लॅम्प, वायर, बसवण्याची मजुरी आणि हमीकाळातील दुरुस्ती धरलेली असेलच असे नाही. तुलना त्याच वॅटच्या, त्याच कंपनीच्या, त्याच हमीच्या वस्तूशी करावी आणि अमरावती किंवा नागपूरच्या दोन दुकानांचे त्याच वर्षातले लेखी दर जोडावेत. पाच-दहा टक्क्यांच्या फरकावर तक्रार उभी करू नये.

जमल्यास हा पंचनामा गावातील चार-पाच जणांच्या सह्यांनी करावा. त्यात हरलेल्या पॅनेलचीच माणसे असतील, तर त्याची किंमत कमी होते. ज्यांचा सरपंचाशी निवडणुकीचा वाद नाही, अशांच्या दोन सह्या मिळाल्या तरी पुरेत.

तक्रार कुणाकडे

पहिली तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि तिची प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे द्यावी. ग्रामसेवक हा जिल्हा परिषदेचा कर्मचारी असून त्याच्यावरील शिस्तभंगाची कारवाई १९६४ च्या जिल्हा सेवा शिस्त व अपील नियमांखाली होते. सरपंच किंवा सदस्याला गैरवर्तनासाठी पदावरून दूर करायचे असेल, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर विभागीय आयुक्त निर्णय घेतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी नागपूरचे आयुक्त, तर अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीमसाठी अमरावतीचे आयुक्त. ग्रामनिधीतून पैसे काढताना सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या लागत असल्यामुळे फक्त एकालाच धरून लिहिलेली तक्रार सहसा अपुरी ठरते. पुरवठा मोजून प्रमाणित करणारा शाखा अभियंता असेल, तर त्याच्या सहीचाही तक्रारीत उल्लेख करावा.

तक्रार दोन पानांपेक्षा लांबू देऊ नका. पहिल्या परिच्छेदात खरेदी, रक्कम, निधी आणि वर्ष लिहावे. मग क्रमाने मुद्दे मांडावेत आणि प्रत्येक मुद्द्यापुढे जोडपत्राचा क्रमांक द्यावा. शेवटी मागणी लिहावी, ती अशी: चौकशी संबंधित पंचायत समितीबाहेरील अधिकाऱ्यामार्फत व्हावी, स्थळपाहणी तक्रारदाराच्या उपस्थितीत व्हावी, मूळ दप्तर ताब्यात घ्यावे. दप्तर ताब्यात घेण्याची मागणी पहिल्याच दिवशी करावी, कारण तक्रार गेली की नोंदवह्या ‘पुन्हा लिहिल्या’ जातात किंवा पावसात भिजतात. मूळ प्रती स्वतःजवळ ठेवून झेरॉक्स द्या, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या, आणि टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्टची पावती जपा. दाद लागली नाही, तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या लोकशाही दिनात विषय मांडता येतो.

फौजदारी बाजू वेगळी आहे. वस्तू न येता पैसे गेले असतील, तर १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ (५), म्हणजे लोकसेवकाने केलेला विश्वासघात, लागू होऊ शकते. त्याआधीच्या घटनेला जुन्या दंड संहितेचे कलम ४०९ लागते. खोटी दरपत्रके किंवा देयके असतील, तर बनावट दस्तऐवजाची कलमेही येतात. ठाण्यात तक्रार नोंदवली गेली नाही, तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवावी आणि त्यानंतर वकिलाच्या सल्ल्याने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. आर्थिक गैरव्यवहारात पोलीस आधी प्राथमिक चौकशी करतात, तशी मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिताकुमारी निकालात दिलेली आहे. त्यामुळे अर्ज देताच गुन्हा दाखल झाला नाही म्हणून पोलीस विकले गेले, असा निष्कर्ष काढू नये.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची वाट दोन कारणांसाठी आहे. कोणी टक्केवारी मागत असेल, म्हणजे पुरवठादाराकडून देयक काढण्यासाठी किंवा लाभार्थ्याकडून यादीत नाव घालण्यासाठी पैसे मागितले जात असतील, तर पैसे देण्याआधी १०६४ या टोल फ्री क्रमांकावर कळवावे, म्हणजे सापळ्याची कारवाई होऊ शकते. दबावाखाली पैसे दिलेच असतील, तर सात दिवसांत कळवणाऱ्याला लाच देणारा म्हणून दोषी धरले जात नाही, अशी तरतूद भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या २०१८ च्या दुरुस्तीने आली आहे. दुसरे कारण उघड चौकशीचे. खरेदीच्या निर्णयात पदाचा गैरवापर दिसत असेल, तर विभाग कागदपत्रांवरून चौकशी करतो, पण त्यासाठी याच अधिनियमाच्या कलम १७अ खाली सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आणि पुढे खटल्यासाठी कलम १९ खाली मंजुरी लागते. सापळ्यात रंगेहात अटक करायला पूर्वपरवानगीची अट नाही. म्हणूनच सापळ्याची बातमी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते आणि उघड चौकशीला काळ जातो.

मधल्या काळात

चौकशी चालू असताना व्हॉट्सॲपच्या गावगटात नाव घेऊन ‘चोर’ म्हणणे टाळावे. बदनामीची फिर्याद तर होतेच, शिवाय चौकशी अधिकारी तुमच्या हेतूवर बोट ठेवतो. तक्रारीतील विधान खोटे आहे हे माहीत असून केले, तर तोही गुन्हा आहे. गुन्हा दाखल झाला तरी तो आरोपच असतो आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत त्या माणसाला आरोपी म्हणावे, दोषी म्हणू नये.

‘बसून मिटवू’ असा निरोप येईल. तो आणणारा बहुधा नात्यातला किंवा सोसायटीतला माणूस असेल. त्याच्याशी वाद घालू नये आणि पैशाचे बोलणे तर होऊच देऊ नये, कारण तक्रारदाराने पैसे मागितल्याचा उलटा गुन्हा उभा करायला तेवढे पुरते. धमकी आली तर तारीख-वेळेसह ठाण्यात लेखी द्यावी आणि कागदांचा एक संच गावाबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवावा.

ग्रामसभेचा उपयोग करायचा असेल, तर दिवस निवडून करा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या सभांपैकी ऑक्टोबरची सभा सोयाबीनच्या सोंगणीत सापडते. त्या दिवशी गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेत मोजक्या माणसांसमोर सगळे विषय उरकले जातात. १ मे ला शेत रिकामे असते आणि माणसे गावात असतात. आपला विषय सभेच्या सूचनेत यावा म्हणून आधीच लेखी पत्र देऊन पोच घ्यावी, सभेत फक्त साठा नोंदवही आणि प्रमाणक वाचून दाखवण्याची मागणी करावी, आणि नकार मिळाला तर तो नकारच इतिवृत्तात लिहून घ्यावा. त्या इतिवृत्ताची प्रमाणित प्रत पुढच्याच आठवड्यात मागून मूळ तक्रारीला पुरवणी जोडपत्र म्हणून लावावी.